ब्रेस्टचा किल्ला आणि चित्रपटाबाहेरचे 7000

सिनॉप्सिस लिहिणाऱ्या एका ज्युनिअरने विचारलं, "दादा, स्रोतांची चिकित्सा म्हणजे नेमकं करायचं काय?" मी विज्ञानवाला, पण तिला 'ब्रेस्ट किल्ला' हा 2010 चा रशियन-बेलारूसी चित्रपट बघायला सांगितलं.

चित्रपट चांगला आहे, हे आधीच कबूल. 22 जून 1941 ची पहाट, जर्मनीचं सोव्हिएत संघावर आक्रमण, आणि सीमेवरच्या या किल्ल्यावर तोफांचा मारा. दिग्दर्शक अलेक्झांडर कोट हे सगळं लष्करी बँडमधल्या एका मुलाच्या आठवणींतून दाखवतात. सगळ्यात अंगावर येते ती तहान. बुग आणि मुखावेत्स या दोन नद्या भिंतीला लागून, पण पाण्यापर्यंत जायचं म्हणजे थेट मशीनगनसमोर.

मला खटकलं ते पुढे. किल्ला घेणाऱ्या जर्मन 45 व्या डिव्हिजनच्या अहवालात सुमारे 7000 कैद्यांचा उल्लेख आहे. हाच अहवाल पुढे सोव्हिएत सैन्याच्या हाती लागला आणि शत्रूनेही शौर्य मान्य केलं याचा पुरावा म्हणून वापरला गेला. मग त्याच कागदावरचे हे 7000 कुठे गेले? चित्रपट मेजर गाव्रिलोव्ह, कमिसार फोमिन आणि सीमारक्षक किझेवातोव्ह या तिघांभोवती फिरतो. बघून उठताना वाटतं, जवळजवळ सगळे लढता लढताच मेले.

दोष एकट्या चित्रपटाचा नाही. ही कथा घडवली सर्गेई स्मिर्नोव्ह या लेखकाने. 1950 च्या दशकात त्याने वाचलेल्यांना शोधून काढलं, त्यांची पत्रं जमवली. काम अफाट आहे. ऑगस्ट 1941 च्या 270 क्रमांकाच्या आदेशाने शरण जाणं म्हणजे देशद्रोह ठरवला होता. कैदेतून परतलेल्या गाव्रिलोव्हचं पक्षसदस्यत्वही गेलं होतं. स्मिर्नोव्हच्या खटपटीमुळे 1957 मध्ये त्याला 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब मिळाला. पण पुस्तक वाचताना एक अट जाणवत राहते: कैदी झालात तर निदान बेशुद्ध किंवा जबर जखमी तरी असायला हवं. तहानेने, भीतीने, किंवा आता काही उपयोग नाही हे कळून ज्याने हात वर केले, त्याला या कथेत जागाच नाही. असा माणूस स्मिर्नोव्हला पत्र तरी कशाला लिहील? आमच्या लॅबच्या भाषेत सांगायचं तर सॅम्पल आधीच गाळलेलं होतं.

आणि हो, जर्मन अहवालही धुतल्या तांदळासारखा नाही. आपली एवढी माणसं का पडली, याचं स्पष्टीकरण वरिष्ठांना द्यायचं असेल तर प्रतिकार कडवा होता असं लिहिणं सोयीचंच असतं. कैद्यांचा मोठा आकडाही तसाच सोयीचा.

"मग चित्रपट खोटा का?" ज्युनिअरने विचारलं. खोटा नाही. तहान खरी, फोमिनला पकडून गोळ्या घातल्या तेही खरं. मी तिला एवढंच विचारलं, तुझ्या सर्व्हेत ज्यांनी फॉर्म भरलाच नाही ते कोण? तिने सिनॉप्सिस परत मागून घेतलाय.