‘कोरासा’ : एका पोर्तुगीज शब्दाचा अर्थविस्तार व मराठी पर्याय

पोर्तुगीज भाषेतील ‘कोरासा’ या शब्दासाठी मराठीत ‘चिलखत’ व ‘कवच’ हे पर्याय सहज सुचतात. मात्र या दोहोंना समानार्थी मानून सर्वत्र एकच शब्द योजणे भाषांतराच्या दृष्टीने सदोष ठरते. प्रस्तुत टिपणात या प्रश्नाचा विचार केला आहे.

‘कोरासा’चे मूळ ‘कोरियम’ म्हणजे चामडे या लॅटिन शब्दात आहे. छाती व पाठ झाकणारे आवरण हा त्याचा रूढ अर्थ होय. आवरण धातूचे झाले, तरी नाव तेच राहिले. सर्वांग झाकणाऱ्या साजाला ‘आर्मादुरा’, तर कड्यांच्या जाळीदार अंगरख्याला ‘कोटा दे माल्या’ असे वेगळे शब्द आहेत. आपल्याकडील चिलखत पुष्कळदा कड्यांचे असे. म्हणजे ते या शेवटच्या शब्दाला अधिक जवळचे आहे.

पुढे या शब्दाचा अर्थविस्तार झाला. लोखंडी पत्र्यांनी मढवलेली युद्धनौका ‘कोरासादु’ झाली. आयझेनस्टाइनच्या ‘पोटेमकिन’ (1925) या चित्रपटाच्या पोर्तुगालमधील नावात हाच शब्द आहे. मानसशास्त्रात विल्हेल्म राइख यांची व्यक्तिमत्त्वाभोवतीच्या संरक्षक आवरणाची संकल्पनाही याच शब्दाने व्यक्त होते. दुर्गरचनेत मात्र ‘कोरासा’ म्हणजे मुख्य तटापासून पाण्यापर्यंत नेलेली संरक्षक भिंत. मोरोक्कोतील अल्कासर सेगेर येथे पोर्तुगिजांनी किल्ल्यापासून समुद्रापर्यंत अशी भिंत बांधली होती. कुईंब्रा शहरातील रस्त्यांच्या नावांतही हा शब्द टिकून आहे.

मराठी शब्दांचे संस्कार याहून भिन्न आहेत. फारसीतून आलेले ‘चिलखत’ अफझलखानाच्या भेटीची (1659) आठवण जागवते. ‘कवच’ म्हटले की कर्णाचे जन्मजात कवच आणि देवीकवचासारखी स्तोत्रे स्मरतात. त्यात दैवी रक्षणाचा भाव आहे. म्हणून युद्धनौकेसाठी ‘चिलखती’ व मानसशास्त्रीय अर्थासाठी ‘कवच’ योग्य ठरेल. दुर्गरचनेत दोन्ही शब्द गैरलागू असून ‘पाण्यापर्यंतचा तट’ असे स्पष्टच म्हणावे लागेल.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. पांडुरंग पिसुर्लेकरांनी मराठ्यांच्या इतिहासासाठी पोर्तुगीज कागदपत्रांचे महत्त्व दाखवून दिले आहे. अशा साधनांच्या भाषांतरात तटाचे चिलखत झाले, तर चूक शब्दापुरती न राहता इतिहासातील वस्तुस्थितीच बदलते. सबब, द्विभाषिक कोशांनी प्रतिशब्दासोबत उपयोजनाचे क्षेत्रही नोंदवणे अगत्याचे आहे.