कान कुणी धरायचे?

'हूप ड्रीम्स' हा सिनेमा १९९४ चा. परवा आम्ही चौघांनी एका खोलीत बसून पाहिला. मी दुसऱ्यांदा. ह्यात नट नाहीत, रचलेली गोष्ट नाही. स्टीव्ह जेम्स आणि त्याचे जोडीदार शिकागोतल्या दोन काळ्या पोरांमागं पाचेक वर्षं कॅमेरा घेऊन फिरले, त्याचा हा जवळजवळ तीन तासांचा ऐवज. आर्थर एजी आणि विल्यम गेट्स. चौदा वर्षांची पोरं. बास्केटबॉलमध्ये वाघ, घरात खायची मारामार.

गल्लीत खेळणाऱ्या आर्थरला एक माणूस हेरतो आणि उपनगरातल्या सेंट जोसेफ ह्या कॅथलिक शाळेत नेऊन घालतो. जायला दीड तास, यायला दीड तास. फीत थोडी सूट. पण पोरगा कोचला पाहिजे तसा तयार झाला नाही, आणि आईबापाला उरलेली फी झेपली नाही. वर्ष अर्ध्यावर असताना पोरगा बाहेर. विल्यमचा खेळ खणखणीत, म्हणून त्याच्या फीला देणगीदार मिळतो. गरीब तर दोघंही होते. म्हणजे माया पोरावर नव्हती, खेळावर होती. पुढं आर्थरचे शाळेतले कागद हवेत तर थकबाकी मोजा, म्हणून येशूच्या नावानं चालणारी ही शाळा अडून बसते. हाच आर्थर १९९१ साली मार्शल ह्या सरकारी शाळेच्या संघातून राज्यात तिसरा नंबर आणतो!

आता त्याचा बाप, बो. काम सुटतं, क्रॅकचं व्यसन लागतं. पोरगं मैदानावर खेळतंय आणि मागं बाप नशेचा माल विकत घेतोय, हे एकाच चित्रात दिसतं. तिथं माझ्या पोटात कालवलं. बो बायकोला मारतो, घर सोडतो, तुरुंगात जातो. आई शीला महिन्याला २६८ डॉलरच्या सरकारी मदतीवर पोरं जगवते. घरची वीज तोडली जाते. तरी ती नर्सिंगच्या मदतनीस वर्गात पहिली येते. माझ्या लेखी सिनेमातला सगळ्यात मोठा सामना तिनंच जिंकलाय, आणि तो बघायला स्टेडियम भरलेलं नसतं.

मग बो परत येतो. चर्चमध्ये उभा राहून देवानं मला वाचवलं म्हणतो. मी त्याला हसणार नाही. नशेतून उठलेल्या माणसाला हात धरायला काहीतरी लागतं. माझा बाप दारू सोडायला माळ घालून आला तेव्हा सगळ्या आळीदेखत कान धरून उभा राहिला होता. पण ज्या गिरणीनं त्याला घरी बसवलं, तिचा मालक कान धरायला कधी आला नाही. चर्चमधला बो बघताना मला हेच आठवत होतं. गरिबाचं व्यसन म्हणजे पाप, त्याची कबुली चारचौघांत. शाळेनं पोराला हाकललं, तो मात्र हिशेब. त्याची कबुली कुणी घ्यायची? सिनेमा आल्यावर शाळा आणि कोच कोर्टातच गेले. पुढं तडजोड झाली.

दिग्दर्शकाचं मोठेपण हे की तो दोन्ही गोष्टी समोर ठेवतो आणि भाषण ठोकत नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. आर्थरची वस्ती पश्चिम शिकागोतली. ह्याच पश्चिम शिकागोत ४ डिसेंबर १९६९ ला पोलिसांनी ब्लॅक पँथरच्या फ्रेड हॅम्प्टनला बिछान्यात गोळ्या घातल्या. वय २१. हे पँथर पोरांना सकाळची न्याहारी फुकट देत होते. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी त्यांचंच नाव घेतलं. ही आठवण सिनेमात कुठंच नाही. मग बघणाऱ्याला वाटतं, इथं पहिल्यापासून दोनच दारं होती, एक बास्केटबॉलचं, एक चर्चचं. तिसरंही दार होतं राव. ते गोळ्या घालून बंद केलं.

दोघांपैकी कुणीच एनबीएत पोचला नाही. २००१ साली विल्यमचा भाऊ कर्टिस मारला गेला, २००४ साली बो. विल्यम पुढं पाद्री झाला. हे वाचून कुणी म्हणेल, शेवटी धर्मानंच तारलं. तारलं असेल एखाद्याला. पण बुडवलं कुणी, हे विचारल्याशिवाय हा सिनेमा पाहून उठू नका.