काठ कुणाचा, पदर कुणाचा: जुन्या पैठणीच्या बाजाराचे वाचन

नव्या वस्त्राची घडी मोडणे हा मराठी घरात मान समजला जातो. साडी विकत घेणारी बाई पुष्कळदा ती आधी स्वतः नेसत नाही. जावेला, नणंदेला, लेकीला म्हणते, 'तू घडी मोड.' तिथून त्या वस्त्राचा जो प्रवास सुरू होतो त्याच्या पायऱ्यांना आपल्या भाषेत शब्द आहेत. आधी ठेवणीतले, मग रोजच्या वापरातले, मग जुनेर. विरलेला भाग कापून दोन तुकडे जोडले की दंड घातलेले. त्याहूनही फाटले की बाळाची दुपटी, वाकळेतला थर, पोतेरे, शेवटी चिंधी. जुनेराला घरात कमी लेखत नाहीत. जन्मलेल्या बाळाला पहिले काही दिवस मुद्दाम मऊ जुन्या लुगड्यात गुंडाळायचे, आणि ते लुगडे शक्यतो घरातल्या दीर्घायुषी बाईचे असावे, अशी रीत पुष्कळ ठिकाणी आहे. पण परक्या घरचे जुने वस्त्र पैसे मोजून आणायचे आणि मानाने मिरवायचे, या व्यवहाराला मात्र शब्द नाही. तिथे 'उतरलेले' हा एकच शब्द आठवतो, आणि तो उच्चारताना आवाज आपोआप खाली जातो.

त्या रिकाम्या जागी आता 'व्हिंटेज' आणि 'प्री-लव्हड' हे दोन शब्द येऊन बसले आहेत. मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनांतून जुन्या साड्या, एकदाच घातलेले डिझायनर लेहंगे, परदेशी लेबलांच्या पर्स मांडल्या जातात, आणि 'उतरलेले' म्हटल्यावर जिने नाक मुरडले असते तीच गिऱ्हाईक तिथे हौसेने घासाघीस करते. शब्द बदलल्याने वस्तू कशी बदलते, हा भाषेच्या अभ्यासकाचा प्रश्न आहे. शब्द बदलण्याचा अधिकार कोणत्या वस्त्राला मिळतो आणि कोणत्याला मिळत नाही, हा त्याहून अवघड प्रश्न. मला इथे दुसऱ्याकडे पाहायचे आहे.

ते पाहण्यासाठी मी जालना जिल्ह्यातले कुंभार पिंपळगाव निवडले. घनसावंगी तालुक्यातले हे बाजाराचे गाव. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब त्याच्या जवळ. तालुक्याच्या दक्षिण कडेने गोदावरी वाहते आणि तिच्याच वरच्या अंगाला पैठण आहे. महाराष्ट्रात ज्या जुन्या वस्त्राला आज सर्वाधिक कौतुकाची किंमत सांगितली जाते, ते ज्या नदीकाठी विणले गेले त्याच नदीच्या खालच्या वळणावरची ही माणसे. शनेल किंवा दिओर ही नावे इथे कुणाच्या तोंडी नसतीलही, पण त्या नावांचा जुना माल ज्या पद्धतीने विकला जातो ती पद्धत इथल्या शाळकरी पोरालाही समजावून सांगावी लागणार नाही. तिला अडत म्हणतात.

शेतकरी कापूस, सोयाबीन, मोसंबी घेऊन जालन्याला जातो. माल अडत्याच्या दुकानापुढे उतरतो, पण विकला जाईपर्यंत मालकी शेतकऱ्याचीच असते. सौदा झाला की अडत्या आपली टक्केवारी घेतो (ती शेतकऱ्याने द्यायची की खरेदीदाराने, हा वाद वेगळा आणि जुना आहे) आणि शेतकऱ्याच्या हाती हिशोबाची पट्टी देतो. पॅरिसमध्ये २००९ साली सुरू झालेली व्हेस्तिएर कलेक्तिव्ह आणि सॅन फ्रान्सिस्कोत २०११ साली निघालेली द रिअलरिअल या कंपन्यांनी जुन्या उंची कपड्यांसाठी हेच केले. कपाटात पडून असलेला कोट द्या, आम्ही तो खरा आहे का ते तपासू, विकू, आमचा हिस्सा कापून उरलेले पैसे तुम्हाला देऊ. फ्रेंचमध्ये या धंद्याला ठेव आणि विक्री हे दोन शब्द जोडून नाव दिलेले आहे. अडतीत हेच दोन्ही व्यवहार येतात.

दोन्हींत एक फरक मात्र आहे. मोंढ्यातल्या पट्टीवर शेतकऱ्याचे नाव आणि गाव लिहिलेले असते. माल कुणाचा, हे तिथे लपवायचे कारण नाही. उंची कपड्यांच्या अडतीत विकणाऱ्याचे नाव झाकलेले असते, कारण वापरलेली वस्तू विकावी लागणे त्या वर्तुळात अजून थोडे लाजिरवाणे आहे. त्या जागी कपडा निर्माण करणाऱ्याचे नाव ठळक येते. शिवण, अस्तर, लेबलाचा टाका, पर्सवरचा क्रमांक हे सारे तपासायचे ते एवढ्यासाठी, की ही वस्तू अमक्याच नावाच्या घराण्यातून बाहेर पडली. किंमत त्या नावाची.

जुन्या पैठणीच्या बाबतीत हा हिशोब अडतो. पैठणीवर विणकराची सही नसते. पेशव्यांच्या पत्रव्यवहारात पैठणच्या असावली दुपट्ट्यांची मागणी सापडते, रंग कोणते हवेत तेही सापडते. ते विणणारे हात कुणाचे, ते आपल्याला कळत नाही. मग लेबलाच्या जागी काय लावायचे?

त्याआधी हा बाजार पूर्वी कसा चालत होता ते पाहायला हवे. जुन्या पैठणीला गिऱ्हाईक नव्हते असे नाही. पण त्या गिऱ्हाइकाला पैठणी नको होती, तिच्यातली जर हवी होती. खरी जर म्हणजे चांदीची तार चपटी करून रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. गल्लीतून जुनी जर विकत घेणाऱ्याची हाक यायची. काठ-पदर कापून वजनावर जायचे, जाळले जायचे, आणि राखेतून चांदी निघायची. रेशमाला, मोर-मुनियांना, नारळी काठाला त्या तराजूत वजन नव्हते. अण्णा भाऊ साठ्यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेतला भीमा मढ्याच्या राखेत सोने शोधतो. जरीची राख चाळणारा माणूस मला त्याचा दूरचा भाऊबंद वाटतो. दोघांनाही जिवंत असताना त्या देहाचे, त्या वस्त्राचे काय मोल होते याच्याशी कर्तव्य नाही. पण दोघांवरही रागावता येत नाही. महिनाअखेरीला पैठणी मोडणाऱ्या घराला चांदीचा भाव खरा होता आणि मोराचा खोटा.

साध्या लुगड्या-पातळांना हीही वाट नव्हती. ती बोहारणीकडे गेली. स्टीलच्या पातेल्यासाठी दोन जुन्या साड्या आणि वर एक शर्ट, यावर दारात चाललेली ती घासाघीस मराठी कथा-नाटकांना विनोदासाठी फार उपयोगी पडली. बोहारीण पुढे त्या कपड्यांचे काय करते, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही. ल्युसी नॉरिस या मानवशास्त्रज्ञ बाईंनी दिल्लीत तो माग काढला आणि २०१० साली भारतातल्या जुन्या कपड्यांच्या फेरवापरावर पुस्तक लिहिले. गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातल्या बाया भांड्यांवर कपडे घेतात, पहाटेच्या बाजारात ते निवडले जातात, धुऊन-शिवून पुन्हा विकले जातात, जरीच्या साड्यांच्या उशा आणि परदेशी पर्यटकांसाठी झगे होतात. मराठवाड्याच्या आठवडी बाजारात जमिनीवर पसरलेला जुन्या कपड्यांचा ढीग हे याच साखळीचे एक टोक, आणि पंचतारांकित हॉटेलातले 'व्हिंटेज' प्रदर्शन हे दुसरे. ढिगातल्या कपड्याला कथा नसते. प्रदर्शनातल्या कपड्याला कथा असावीच लागते.

जुनी पैठणी घेऊ पाहणाऱ्याला कापडाची परीक्षा शिकता येते. हातमागावरच्या खऱ्या पदरात रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणलेले असतात, म्हणून तो उलटसुलट जवळजवळ सारखाच दिसतो. मागे लोंबते धागे दिसले तर ते काम दुसऱ्या जातीचे. जुनी चांदीची जर काळवंडते. नकली जर रंग सोडते आणि खाली धागा दिसतो. पोत बहुधा साधे किंवा बारीक बुट्टीचे. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले रेशीम घडीवर चिरते, आणि जड पदर हलक्या पोताला जोडाशी ओढून फाडतो. म्हणूनच धड राहिलेले काठ-पदर नव्या रेशमाला जोडण्याची युक्ती निघाली. अशा साडीला जुनी म्हणायचे की नवी? दंड घातलेल्या लुगड्याला आपल्या आज्या निःशंकपणे तेच लुगडे म्हणत. बाजाराने तसे म्हणायला माझी हरकत नाही. जोड आहे हे सांगितले पाहिजे आणि किंमत त्याप्रमाणे उतरली पाहिजे. २०१० साली पैठणीला भौगोलिक उपदर्शन मिळाले, पण ते नव्या विणीसाठी. यंत्रमागावरची 'सेमी पैठणी' दोन दशके कपाटात ठेवली की तीही 'आईच्या वेळची' होते, तिथे हे उपदर्शन काही करू शकत नाही.

आता लेबलाच्या प्रश्नाकडे येतो. विणकराचे नाव नाही, तेव्हा बाजाराने नेसणारीचे घराणे पुढे केले. 'सरदार घराण्यातील', 'इनामदारांच्या वाड्यातील', 'घरंदाज संग्रहातून' असे शब्द जुन्या पैठणीच्या वर्णनात सहज येतात. पॅरिसच्या कोटाला शिवणाऱ्याचे नाव मोल देते, आपल्या पैठणीला नेसणारीची प्रतिष्ठा. माझ्या मते मराठी 'व्हिंटेज'चे हे मर्म आहे, आणि त्यातली खोटही तीच.

या विक्रीकथेची भाषा कवितेने तयार करून ठेवली होती, असे म्हणणे शांता शेळक्यांवर अन्याय करणारे होईल. तरी त्यांच्या 'पैठणी' या कवितेशिवाय ही भाषा इतकी सोपी झाली नसती. आजी गेल्यावर उरलेले वस्त्र, त्याच्या स्पर्शातून आजीपर्यंत पोचू पाहणारी नात, एवढाच त्या कवितेचा ऐवज. आणि तो अस्सल आहे, कारण त्या कवितेत काहीही विकले जात नाही. पैठणी ज्या घराची त्याच घरात राहते. कवितेतली ती नात काढून तिच्या जागी गिऱ्हाईक उभे केले की आठवण उसनी होते. दुकानात आपण दुसऱ्याच्या आजीची पैठणी घेतो आणि ती नेसताना आपल्या आजीची असल्याचा भाव धरतो. आपली आजी ती नेसू शकली असती का, हा प्रश्न त्या भावात बसत नाही.

बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या आत्मकथनात त्याचे उत्तर आहे. महार बाईने लुगडे नेसताना काठ निऱ्यांखाली दडवायचा. तो दिसेल असे नेसण्याचा मान वरच्या जातीच्या बायांचा, आणि काठ दिसला तर तो गुन्हा, असा दंडक त्या नोंदवतात. पैठणीच्या बाजारात ज्याच्यासाठी पैसे मोजतात तो नेमका हाच काठ. एका बाईला काठ अंगावर असूनही दाखवता येत नव्हता, आणि दुसरीच्या काठाला तो दाखवला गेला म्हणून आज वारशाची किंमत येते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रे वापरावीत असे सांगितले आहे. परक्याचे जुने कापड अंगावर घालण्याची सक्ती या देशात धर्मशास्त्राने लिहून ठेवली होती. 'उतरलेले' या शब्दाला चिकटलेली शरम इथून येते. ती केवळ गरिबीची नाही. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर स्त्रियांशी बोलले तेव्हा त्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितले. वस्त्र फाटके असले तरी चालेल, स्वच्छ असावे. जात ओळखू येईल असे दागिने आणि नेसणे टाकावे. त्या उपदेशाकडे आपण समाजसुधारणेच्या प्रकरणात पाहतो. वस्त्राच्या मराठी इतिहासातही त्याला जागा हवी.

सोवळ्याच्या नियमांनीही पैठणीला हात दिला. सुताला विटाळ लवकर होतो, रेशमाला तितका होत नाही, ही समजूत तिच्या पथ्यावर पडली. म्हणून रेशमी जुने वस्त्र एका उच्चवर्णीय घरातून दुसऱ्यात जाऊ शकले आणि सुती जुनेर बोहारणीच्या गाठोड्यात गेले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो की रोजच्या वापरातल्या वस्तूंवरचे केळकरांचे प्रेम पाहून मन भरते; पण एकूण संग्रह-संस्कृतीत जपले गेले ते ठेवणीतले. नेसून नेसून संपलेले लुगडे संग्रहालयाला कुठून मिळणार? ते वाकळेत गेले. मराठवाड्यातली वाकळ उसवली तर तीन पिढ्यांची इरकल थरांनी निघेल, आणि त्या थरांना कुणी 'व्हिंटेज' म्हणत नाही.

जुने विकत घेऊ नये, असे मला म्हणायचे नाही. जर जाळण्यापेक्षा पैठणी नेसली जाणे केव्हाही चांगले, आणि जिच्या आजीला काठ दडवावा लागला तिच्या नातीने इनामदारांची पैठणी विकत घेऊन काठ दाखवत नेसणे, यात मला काव्यन्याय दिसतो. फक्त दुकानाच्या चिठ्ठीवर घराण्याऐवजी दुसऱ्या गोष्टी लिहिल्या जाव्यात. वीण पैठणची की येवल्याची, जर कसाची की नाही, पोत मूळचे की जोडलेले, रफू कुठे, विकणाऱ्या बाईच्या हाती किती टक्के गेले. शंभर वर्षांपूर्वीची म्हणून विकत असतील तर आणखी एक: १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे झालेली कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, ती देशाबाहेर नेता येत नाही आणि तिच्या व्यापाराला परवाना लागतो. परवाना आहे का, हे विचारावे. तो नसेल आणि विक्रेता तरीही वय शंभराच्या वर सांगत असेल, तर एकतर वय खोटे आहे किंवा विक्री बेकायदा.