चित्रकार नसलेला ईशान

अमोल गुप्ते यांनीं लिहिलेला व आमीर खान यांनीं दिग्दर्शित केलेला ‘तारे जमीन पर’ (२००७) हा बोलपट, डिस्लेक्सियामुळें अक्षरांशीं झगडणाऱ्या मुलास आळशी ठरविणाऱ्या सुशिक्षित पालकांच्या डोळ्यांत अंजन घालतो, हें त्याचें श्रेय निर्विवाद होय. तथापि शेवटीं ईशान चित्रस्पर्धा जिंकतो, आणि येथेंच कथेचा तोल ढळतो. आइन्स्टाइन-लिओनार्दोंच्या पंक्तींत बसेल त्याच मुलास सहानुभूति मिळावी काय? अलिबाग-मुरूडच्या शाळांत वाचतांना अडखळणारें प्रत्येक मूल कांहीं चित्रकार नसतें. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियमानें विशिष्ट अध्ययन-अक्षमतेस मान्यता देतांना अलौकिक गुणाची अट घातलेली नाहीं. मग कलेनें ती कां घालावी? बक्षीस न मिळालेला, तरीहि वर्गांत मानानें बसलेला ईशान रंगविणारा लेखक आम्हांस हवा आहे.