एक जिवाणू, दोन उपजाती : एका शोधनिबंधाची चिकित्सा

वर्गीकरणाचा पाठ घेताना आपण बहुधा तयार तक्ता फळ्यावर काढतो आणि मुले तो उतरवून घेतात. तक्त्यातला एखादा कप्पाच चुकीचा असेल तर काय बिघडते, हे कोणी विचारत नाही. हा प्रश्न उभा करणारा एक शोधनिबंध २००६ साली जर्मनीतील एल्के गेनर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. मधमाशीच्या अळ्या मारणाऱ्या जिवाणूच्या वर्गीकरणाविषयीचा हा निबंध आम्हाला मोलाचा वाटतो. मात्र त्याच्या मर्यादाही पाहायला हव्यात.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊ. ‘अमेरिकन फाउलब्रूड’ या नावावरून हा रोग अमेरिकेपुरता आहे असे समजू नये. त्याचा अभ्यास तेथे झाला म्हणून ते नाव पडले. प्रौढ माशीला हा रोग होत नाही. नुकत्याच जन्मलेल्या अळीच्या पोटात अन्नाबरोबर जिवाणूचे बीजाणू जातात. दहाएक बीजाणूही तिला मारायला पुरतात. मेलेल्या अळीचा तपकिरी लगदा होतो. त्यात काडी बुडवून उचलली की चिकट तार निघते. लगदा वाळला की त्याची खपली कोठीला घट्ट चिकटते आणि तिच्यातले बीजाणू ३५ वर्षांहूनही अधिक काळ टिकतात. म्हणूनच अनेक देशांत रोगट वसाहती जाळून टाकतात.

या जिवाणूला १९०६ साली व्हाइट यांनी ‘बॅसिलस लार्व्ही’ हे नाव दिले. १९५० साली कॅट्झनेल्सन यांनी आणखी एक जिवाणू वर्णिला. त्याने मारलेल्या अळीची खपली चिकट न राहता तिची भुकटी होई. लॅटिनमध्ये ‘पल्व्हिस’ म्हणजे धूळ. त्यावरून त्याचे नाव ‘पल्व्हिफेशिएन्स’. पुढे १९९३-९४ च्या सुमारास दोघांनाही ‘पेनिबॅसिलस’ या नव्या प्रजातीत हलवले गेले. ‘पेने’ म्हणजे जवळजवळ. थोडक्यात, ‘जवळजवळ बॅसिलस’! १९९६ साली ते एकाच जातीच्या दोन उपजाती ठरले : एक भयंकर रोगाची, दुसरी क्वचित आढळणाऱ्या भुकटीच्या विकाराची. म्हणजे पेटीत सापडलेल्या जिवाणूवर कोणती चिठ्ठी लागते, यावर ती पेटी जाळायची की नाही हे अवलंबून राहू शकत होते.

गेनर्श यांच्या गटाने ही विभागणी तपासली. डीएनएचे पट्टे आणि प्रथिनांचे नमुने ताडून पाहिले, तेव्हा उपजातींमधली सीमारेषा टिकेना. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी दोन्ही उपजातींचे बीजाणू प्रयोगशाळेत अळ्यांना खाऊ घातले. ‘सौम्य’ मानलेल्या उपजातीनेही अळ्या मारल्या. म्हणून उपजाती रद्द झाल्या आणि ‘पेनिबॅसिलस लार्व्ही’ ही एकच जात उरली. रोग करणाऱ्या जिवाणूंचे गट पाडताना प्रत्यक्ष रोग करून पाहणे, हे या निबंधाचे खरे बळ आहे.

आता मर्यादा पाहू. ‘पल्व्हिफेशिएन्स’चे फक्त ६ वाण तपासले गेले आणि ते सारे संग्रहातले होते. उलट ‘लार्व्ही’चे ३ संग्रहित वाण आणि पेट्यांतून मिळवलेले ४४ नमुने होते, तेही स्वीडन, फिनलंड व जर्मनीतले. निष्कर्ष आम्हाला पटतो; पण ६ वाणांवरून साऱ्या जगातल्या भुकटी-विकाराविषयी बोलताना जपून बोलले पाहिजे.

दुसरा मुद्दा असा की नाव एक झाले तरी फरक संपले नाहीत. जातीच्या आत एरिक-१ ते एरिक-४ असे चार जनुकीय गट राहिले; २०२० साली पाचव्याची भर पडली. एरिक-१ ची लागण झालेल्या सर्व अळ्या मरायला सुमारे १२ दिवस लागतात, एरिक-२ ला सुमारे ७. मग एरिक-२ अधिक घातक का? एका अळीपुरते होय. पण लवकर मेलेल्या अळ्या कामकरी माश्या कोठीवर झाकण बसण्याआधीच उचलून बाहेर टाकतात. त्यामुळे पेटीत बीजाणूंचा साठा कमी होतो. अळीला अधिक जहाल असलेला गट वसाहतीला कमी जहाल ठरतो, हे याच गटाने २००९ साली दाखवले. नुसते जातीचे नाव वाचणाऱ्याला यातले काहीच कळत नाही.

या निबंधावरून वर्गात एक सोपा उपक्रम घेता येईल. मुलांना वीस पाने आणायला सांगावीत. एकदा आकारावरून, एकदा शिरांवरून आणि एकदा वासावरून त्यांचे गट पाडायला लावावेत. तिन्ही वेळा गट वेगळे पडले, की कोणते खरे असा वाद होईल. तो लगेच मिटवू नये. गट कशासाठी हवेत, हे आधी मुलांनाच ठरवू द्यावे.