भरमार बंदूक आणि कायद्याची नजर

अमेरिकेतील मोंटाना राज्याने २००९ मध्ये एक कायदा केला. राज्यात बनलेली आणि राज्यातच राहणारी बंदूक केंद्राच्या नियमांना बांधील नाही, असे त्याचे म्हणणे. केंद्राचा अधिकार राज्याराज्यांतील व्यापारापुरता. बंदूक सीमाच ओलांडत नसेल तर केंद्राचा संबंध काय? २०१३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. आपल्याकडे असा कायदा उभाच राहू शकत नाही, कारण शस्त्रे हा विषय संविधानाच्या केंद्रसूचीत पाचव्या नोंदीत आहे.

परंतु गावठी बंदूक आपल्याकडेही आहे. मूलपासून पूर्वेला गडचिरोलीच्या जंगलापर्यंत तिला ‘भरमार’ म्हणतात. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासायचे, मग बार काढायचा. धान निसवू लागला की रानडुकरांचा कळप एका रात्रीत बांधी उद्ध्वस्त करतो. म्हणून ती झोपडीत असते. १९८० नंतर या भागात नक्षलवादी आले आणि तीच बंदूक संशयाची वस्तू झाली.

कायदा तिच्याकडे कसा पाहतो? १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम १३ म्हणते की, प्रामाणिक पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा. कलम १४ म्हणते, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारू नये. म्हणजे अक्षर गरिबाच्या बाजूचे आहे! पण परवाना जिल्ह्याच्या कचेरीत आहे आणि बंदूक जंगलात. या दोहोंमधले अंतर जो चालू शकत नाही, तो गुन्हेगार ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक घडवणाऱ्याला किमान सात वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप.

कायदा सर्वांना सारखा आहे, असे कोणी म्हणेल. मग कर्नाटकातील कोडगूकडे पाहावे. तेथील कोडवा आणि जम्मा जमीनधारकांना ब्रिटिश अमदानीपासून परवान्यातून सूट आहे. केंद्राने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली. म्हणजे केंद्र जन्म आणि जमीन पाहून सूट देऊ शकते. गोंड-माडियांच्या वाट्याला मात्र जप्तीच येते.

म्हणून मोंटानाचा मार्ग आपला आहे काय? मुळीच नाही. ‘राज्यांचे हक्क’ ही अमेरिकेत गुलामांच्या मालकांचीही घोषणा होती. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलामुलींना जाऊ न देणारे राज्य होते. त्यांना आत नेण्यासाठी केंद्राचे सैन्य यावे लागले. स्थानिक सत्ता म्हणजे लोकांची सत्ता, असे मानणाऱ्यांनी हे विसरू नये. गाव हे घटक न मानता व्यक्ती हे घटक मानावे, ही बाबासाहेबांची संविधान सभेतील भूमिका याच अनुभवातून आलेली होती. गावात बंदूक मोकळी झाली तर ती प्रथम पाटलाच्या वाड्यात जाईल, महारवाड्यात नव्हे.

चातुर्वर्ण्याने शूद्रांना शस्त्र नाकारले, म्हणून ते बंड करू शकले नाहीत, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडले होते. १९९५ च्या अत्याचार प्रतिबंधक नियमांतील तिसरा नियम त्याचीच आठवण देतो. अत्याचारप्रवण भागात आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्यांचे शस्त्रपरवाने रद्द करावेत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत, आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत, असे तो राज्य सरकारला सांगतो. ‘आवश्यक वाटल्यास’! वाटायचे कोणाला? ज्याच्या घरावर चाल होते त्याला, की कचेरीतल्या साहेबाला? या दोन शब्दांत सगळी व्यवस्था बसलेली आहे.

तेव्हा प्रश्न राज्य विरुद्ध केंद्र असा नाहीच. नि:शस्त्र माणसाच्या बाबतीत त्या दोघांत भांडण नाही. बंदुकीचे गोडवे आम्हाला गायचे नाहीत. डुक्कर मारायलाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याची वेगळी परवानगी लागते, हेही खरे. मागणी साधी आहे. कलम १३ चा अर्ज तालुक्याच्या ठिकाणी, मूललाच घ्यावा. नाकारला तर कारण लेखी द्यावे. तिसऱ्या नियमाखाली किती परवाने रद्द केले आणि किती दिले, ते जाहीर करावे. कार्यकर्त्यांनी हे आकडे मागावेत. ते आले की कायद्याची नजर कुठे वळते, हे आपोआप दिसेल.