माप आणि मान : मॅनिफोल्डची छोटी गाडी आणि बार्शीची मोठी गर्दी

मॉडेल रेल्वेचा विषय निघाला की आपण तो छंदांच्या रकान्यात टाकून मोकळे होतो. पोस्टाची तिकिटं, जुनी नाणी, तशाच या गाड्या. पण मॉडेल रेल्वेचा लेआउट म्हणजे फळीवर उभं केलेलं एक जग असतं. त्यात रूळ असतात, डोंगर असतात, स्टेशन असतं. कुठलं साल दाखवायचं, ऋतू कुठला, फलाटावर कोण उभं राहणार आणि कोण नाही, हे सगळं कुणीतरी ठरवलेलं असतं. कादंबरीला किंवा सिनेमाला आपण जे प्रश्न विचारतो, ते या फळीलाही विचारता येतात. एका विशिष्ट लेआउटच्या निमित्तानं ते विचारायचे आहेत.

यूट्यूबवर ब्रिटनमधल्या छोट्या गाड्यांचे व्हिडिओ बघत गेलात, तर कधी ना कधी ‘लीक अँड मॅनिफोल्ड’ समोर येते. स्टॅफर्डशरमधल्या मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यातली ही नॅरोगेज लाइन. हिरवे उतार, चुनखडीचे कडे, फिकट पिवळे डबे आणि पुढे एक गुटगुटीत टँक इंजिन. स्टेशनवर दुधाचे कॅन. एखादा हमाल, एखादी छत्रीवाली बाई, बाकी शांतता. ही लाइन जेमतेम तेरा किलोमीटरची होती. २७ जून १९०४ ला सुरू झाली आणि मार्च १९३४ मध्ये बंद पडली. तिच्यासाठी बांधलेली इंजिनं दोनच. मुख्य धंदा दुधाचा. वाटेवरच्या एक्टनची डेअरी बंद झाली, दूध रस्त्यानं जाऊ लागलं, तशी रेल्वेही संपली. रूळ उखडले गेले आणि त्या जागी आता पायवाट आहे. हिशेबाच्या वहीत ही लाइन सपशेल नापास. तरीही नव्वद वर्षं उलटून गेली तरी लोक तिचे डबे, तिची स्टेशनं मिलिमीटर मोजून पुन्हा पुन्हा बनवतात.

आता जरा त्या इंजिनाकडे नीट बघा. पुढे मोठा थोरला दिवा लावलाय, जो इंग्लंडमधल्या इंजिनांवर सहसा दिसत नाही. डब्यांच्या टोकाला उघडे व्हरांडे आहेत. थंड, पावसाळी खोऱ्यात व्हरांडा कशाला? याचं उत्तर सोलापूर जिल्ह्यात आहे.

मॅनिफोल्डच्या पहिल्या इंजिनाचं नाव ‘ई. आर. कॅलथ्रॉप’. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा या लाइनचा इंजिनिअर. १८८२ मध्ये तो जीआयपी रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. जीआयपीची मुख्य लाइन बार्शीला बाजूला टाकून गेली होती. कापसाच्या व्यापाराचं हे गाव, आणि माल स्टेशनपर्यंत न्यायचा तर एकवीस मैल बैलगाडी. कॅलथ्रॉपनं इथे अडीच फुटी गेजची गाडी चालवायचं मनावर घेतलं. त्याचा मुद्दा साधा होता : इंजिन असो की मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. भार सारखा वाटला, तर हलक्या, स्वस्त रुळांवरूनही मोठा माल ओढता येतो. १८९४ मध्ये त्यानं लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून गाड्यांच्या जाहीर चाचण्या घेतल्या. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी ही लाइन सुरू झाली. तिची इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची. पुढे मॅनिफोल्डची दोन्ही इंजिनं याच कंपनीनं बांधली.

म्हणजे क्रम लक्षात घ्या. आधी बार्शी, मग मॅनिफोल्ड. इंग्लंडच्या अगदी आतल्या, सुखद खोऱ्याचं प्रतीक म्हणून जी गाडी जपली जाते, तिच्या अंगावर आपल्याकडच्या उन्हाच्या खुणा आहेत.

आणि बार्शी लाइट रेल्वे थांबली नाही. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. सगळी मिळून सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. १९५४ मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत तिची नॅरोगेज टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज होत गेली. शंभर वर्षांहून जास्त काळ तिनं कापूस नेला, धान्य नेलं, आषाढी-कार्तिकीला माणसं नेली. तेरा किलोमीटरच्या लेकीवर किट निघतात, पुस्तकं निघतात, तिची प्रदर्शनं भरतात. आईच्या वाट्याला त्यातलं फारच थोडं येतं. का?

पहिलं उत्तर बाजाराचं आहे. ब्रिटनमध्ये १९६३ साली बीचिंग अहवाल आला. २,३६३ स्टेशनं बंद करायची शिफारस त्यात होती. गावोगावच्या छोट्या लाइनी डोळ्यांदेखत गेल्या. त्याआधीच, १९५१ मध्ये, वेल्समधली टॅलिलिन रेल्वे स्वयंसेवकांनी चालवायला घेतली होती. थॉमस इंजिनाच्या गोष्टी लिहिणारे रेव्हरंड ऑड्री हेही त्या स्वयंसेवकांपैकी एक. हातातून निसटलेली गोष्ट फळीवर परत उभी करायची, या हौसेभोवती तिथे कारखाने, मासिकं, क्लब असा अख्खा व्यवहार उभा राहिला. दुःख खरं होतं, आणि ते विकतही घेता येत होतं.

आपल्याकडे गेज बदललं तेव्हा बहुतेकांना आनंदच झाला, आणि तो रास्त होता. ज्याला पंढरपूरहून मिरजेला जायचंय, त्याला थेट आणि वेगानं जाणारी गाडी हवी असते. नॅरोगेजची हळहळ वाटायला आधी तिच्यातून प्रवास करायची सक्ती संपावी लागते. ही हळहळ आपल्याकडे आता कुठे सुरू होते आहे, आणि बाजार अजून तिच्यापर्यंत पोचलेला नाही.

मोरगावहून पाहिलं तर हे जास्त लख्ख दिसतं. मोरगावला रेल्वे नाही. मयूरेश्वराला येणारे भाविक रस्त्यानंच येतात. पण पश्चिमेला जेजुरी आणि नीरा या स्टेशनांवरून पुणे-मिरज लाइन जाते, जी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मीटरगेज होती. उत्तरेला दौंडला मुंबई-सोलापूर ब्रॉडगेज. आणि दौंडहून बारामतीला १९१४ पासून नॅरोगेज होती, बार्शीसारखीच अडीच फुटी. एका तालुक्याच्या आसपास तीन रुंदीचे रूळ! पालख्यांचंही तसंच. ज्ञानोबांची पालखी जेजुरी-नीरेवरून जाते, तुकोबांची बारामती-इंदापुरावरून. मध्ये मोरगाव. एवढं ऐवज असलेल्या प्रदेशातल्या एखाद्या मुलाला मॉडेलचा नाद लागला, तर त्याला ऑनलाइन काय मिळतं? ब्रिटिश इंजिन, जर्मन स्टेशन, आल्प्समधली घरं.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. आपल्याकडचं हे या क्षेत्रातलं सगळ्यात लक्षणीय काम. तिथे अंधार होतो, दिवे लागतात, एकाच वेळी अनेक गाड्या सुटतात आणि बाकांवरची पोरं अक्षरशः ओरडतात. यंत्रणा म्हणून ते थक्क करणारं आहे. पण त्यातलं शहर युरोपीय वळणाचं आहे, कुर्डुवाडीचं किंवा दौंडचं नाही. हा जोशींच्या कल्पकतेचा दोष म्हणता येत नाही. तयार सुटे भाग ज्या देशांतून येतात, त्या देशांचीच शहरं त्यांतून उभी राहतात. विकत मिळतं तेवढंच आठवता येतं, ही या कलाप्रकाराची मर्यादा.

दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते मापाचं आहे. या छंदाचा अभिमान अचूकतेवर उभा आहे. रिव्हेट किती, रंगाची छटा कुठली, यावर वाद झडतात. गंमत अशी, की ब्रिटनचं सगळ्यात लोकप्रिय ‘डबल ओ’ स्केल मुळातच तडजोड आहे. ब्रिटिश इंजिनं अंगानं लहान. एचओच्या १:८७ मापात मोटर आत बसेना, म्हणून इंजिन १:७६ चं केलं आणि रूळ मात्र एचओचेच, १६.५ मिलिमीटरचे ठेवले. परिणामी प्रत्येक डबल ओ गाडी खऱ्या हिशेबानं सात इंच अरुंद रुळांवर धावते. हे सहन न होणाऱ्या मंडळींनी १८.८३ मिलिमीटरचे रूळ हातानं टाकायला घेतले.

शंभरावा भाग मिलिमीटरचा! एवढी निष्ठा वंदनीयच म्हणायची. पण हे माप लोखंडापुरतं आहे. रूळ दोन मिलिमीटरनं चुकले तर रात्रीची झोप उडते; फलाटावर दोनशेऐवजी चारच माणसं असली तर कुणाचं काही बिघडत नाही. मॅनिफोल्ड ही या सौंदर्यदृष्टीसाठी आदर्श लाइन आहे, कारण ती खरंच रिकामी असायची. तिचा तोटा हेच तिचं फळीवरचं सौंदर्य झालं. बार्शी लाइनचं तसं करता येत नाही. आषाढीतलं पंढरपूर स्टेशन चार माणसांत मांडलं, तर इंजिनाचा प्रत्येक रिव्हेट बरोबर असूनही ते मॉडेल खोटं ठरेल.

माणसं मांडायची रीत आपल्याला नवी नाही. दिवाळीचा किल्ला आठवा. माती, पोत्याचं कापड, वर अळीव पेरलेलं. महाराज सिंहासनावर, आणि त्यांची उंची बुरुजाएवढी. पायथ्याला शेतकरी, गवळण, भाजीवाली. एखादा मावळा घोड्यापेक्षा मोठा. स्केलच्या भाषेत सगळा आनंदीआनंद. पण किल्ल्याचा एक कायदा असतो : ज्याचा मान मोठा, त्याची मूर्ती मोठी, आणि माणसांशिवाय किल्ला पुरा होत नाही. पेटीतून आधी चित्रं निघतात, मग तट कुठून न्यायचा ते ठरतं. ब्रिटिश लेआउटमध्ये उलटं. रूळ, वीज, डोंगर, झाडं झाल्यावर उरलेल्या पैशांत माणसं येतात.

किल्ल्याचं फार कौतुक करून त्याला डोक्यावर घ्यायचं कारण नाही. मानाचं माप लावलं की कोण मोठा आणि कोण बारका, हे आधीच ठरून जातं; भाजीवाली दरवर्षी पायथ्यालाच राहते. स्केल इथे न्यायी आहे. १:८७ मध्ये आमदार आणि हमाल दोघंही साधारण एकोणीस मिलिमीटरचेच. म्हणून मला या दोन परंपरांचं भांडण नको आहे. मॅनिफोल्डवाल्यांकडून माप घ्यावं आणि किल्ल्याकडून माणसांची गर्दी.

हे करणं शक्य आहे का? आकडे तरी बाजूनं आहेत. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. १:८७ नं भागलं तर पावणेनऊच्या आसपास येतं, आणि नऊ मिलिमीटरचे तयार रूळ जगभर मिळतात. म्हणजे डबल ओच्या सात इंचांची तडजोडही इथे करावी लागत नाही. जे रूळ बार्शीला चालतील, तेच दौंड-बारामतीला. आपल्या ब्रॉडगेजचं तसं नाही. तिला त्याच मापात एकोणीस मिलिमीटरहून रुंद रूळ लागतात, जे दुकानातल्या नेहमीच्या रुळांत बसत नाहीत. आपल्या सगळ्या लाइनींत मॉडेलला सगळ्यात सोयीची निघते ती हीच, सगळ्यात दुर्लक्षित.

अवघड आहे ती माणसं. नऊवारीतली बाई, डोईवर गाठोडं, टाळकरी, बुक्का लावलेला म्हातारा, कापसाच्या गाठी मोजणारा मुनीम, बारामतीच्या फलाटावर गुळाच्या ढेपा उतरवणारा हमाल. हे एकोणीस मिलिमीटरात कुणी बनवून विकत नाही. ते हातानंच करावे लागतील, शेकड्यांनी. ज्याच्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे आणि ज्याच्याकडे कुंभाराचा हात आहे, दोघांनाही इथे काम आहे.

आपल्याकडच्या कुणी हौसेनं मॅनिफोल्डचं इंजिन विकत घेतलं तर त्याला नाव ठेवू नये. त्यानं अजाणता बार्शीचंच काहीतरी घरी आणलंय. फक्त ते रुळावर ठेवण्याआधी त्यानं फलाटावर किती माणसं उभी करायची, हे ठरवावं.